भट्टीवरचा आवाज

सुट्टी संपवून हरसूलहून पहाटेच्या एसटीने शेखर सोनवणे थेट अंबडच्या कारखान्यात उतरला, तेव्हा फाटकावरच्या राजूने सलाम ठोकला. पण नजर काही वर केली नाही.

"भट्टी थंड कशी रे?"

"बंद ठेवलीय साहेब. तुम्ही आधी वर जा. मॅडम केव्हाच्या वाट पाहताय."

शेखरच्या मनात पाल चुकचुकली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

ही सगळी मंजुषा मॅडमची कल्पना. वडिलांकडून कारखाना हाती येताच त्यांनी भट्टीवर नवं मशीन बसवलं. ताप किती ठेवायचा, भट्टी कधी थांबवायची, हे तेच ठरवणार आणि स्पीकरवरून सांगणार. पण कामगार परक्या आवाजाला जुमानेनात. तेव्हा मॅडमनी मशीनला शेखरचा आवाज दिला. शेखर प्लँट मॅनेजर. त्याच्या हाकेसरशी भट्टीवरचा सावळीराम डबा अर्धवट टाकून उठायचा. शेखर पठ्ठ्याने हौसेने आवाज दिला, वर आपले सगळे आडाखेही त्या मशीनला शिकवले. मग मॅडम म्हणाल्या, "आता आठवडाभर सुट्टी घ्या. फोनही इथेच ठेवा. तुमच्यावाचून चालतं का, पाहू."

बायकोला घेऊन तो हरसूलला सासुरवाडीला गेला. तिथे गोडधोड होतं, पण घास उतरत नव्हता. आपल्यावाचून कारखाना अडावा असं त्याला मनापासून वाटायचं, मग स्वतःचीच लाज वाटायची. लेक वैष्णवीचं इंजिनिअरिंग अजून अर्ध्यावर होतं. पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण दारात उभं करतं?

केबिनमध्ये मॅडमसमोर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. साधा शर्ट, बारीक कापलेले केस. आपल्याला ठेवायचं की काढायचं, ते हाच ठरवणार, हे शेखरने ताडलं.

"बसा शेखरराव," मॅडम म्हणाल्या. "हे विचारतील ते मोकळेपणाने सांगा."

"स्पीकरवरचा आवाज तुमचा?" गृहस्थांनी विचारलं.

"माझाच."

"पण बोलतं तर मशीन. मग तुमचं काम काय उरलं?"

घाव वर्मी बसला. शेखर ताठ झाला.

"मशीन कसलं साहेब, पोपट आहे तो. मी पढवलं तेवढंच बोलतो. डोकं माझं."

"म्हणजे तुम्ही सुट्टीवर होता, तेव्हाचे निर्णयही तुमचेच?"

शेखरने मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"एकूण एक."

"काल दुपारी सावळीरामने विचारलं, भट्टी थांबवू का? 'थांबवायची नाही' असं उत्तर आलं. तेही?"

कालचं शेखरला काय ठाऊक! पण आता कचरला तर संपलाच. भट्टी चालू राहिली म्हणजे माल निघाला असणार, आणि त्याचं श्रेय त्या डबड्याला का द्या?

"तेही माझंच," तो ठासून म्हणाला. "माझ्या शब्दाशिवाय इथे भट्टी थांबत नाही."

"नक्की?"

"लिहून देतो."

मॅडमनी मोठा श्वास सोडला. शेखरलाही हायसं वाटलं. नोकरी वाचली होती.

गृहस्थ उठले, दार उघडून बाहेरच्या हवालदाराला म्हणाले, "सिव्हिल हॉस्पिटलला फोन लाव. सावळीरामच्या बायकोला म्हणावं, आता प्रेत ताब्यात घ्या. ज्याला अटक करायची, तो माणूस मिळाला."