बिनरंगाची खोली

प्रयोगशाळा लोकांसाठी खुली होती, आणि तिथली एक संशोधक नव्या पांढऱ्या रंगाची करामत समजावून सांगत होती. हा रंग छपराला दिला की ऊन आल्या वाटेने परत फिरतं, खोली विजेशिवाय गार राहते. तिच्याच घराच्या गच्चीवरच्या एकसारख्या दोन खोल्यांत उन्हाळाभर तापमान मोजलं होतं. एकीला रंग दिला, दुसरी तुलनेसाठी तशीच ठेवली. फरक चांगला सहा अंशांचा निघाला.

"रंगाच्या खोलीत कोण होतं गं?" पुढे बसलेल्या आजींनी विचारलं.

"आमचे भाडेकरू."

"आणि त्या दुसऱ्या भट्टीत?"

"माझी आई. हट्टालाच पेटली. म्हणाली, परक्या माणसाला कशाला उकडत ठेवतेस? मी आहे ना घरची!"

सगळे हसले.

"आयांचं मेलं असंच," आजी म्हणाल्या. "पण नंतर तरी तिच्या छपराला रंग दिलास की नाही?"

"दिला ना," रंगाचे गुण सांगितले त्याच आवाजात ती म्हणाली. "आई गेली, त्याच आठवड्यात दिला. आता खोली छान गार असते."