विश्वंभराची पहिली बुडी

"समुद्राने आजवर जे जे लपवलं, ते ते आज उजेडात येईल!" सन एकोणसाठच्या भाद्रपदात काशीदच्या किनाऱ्यावर विश्वंभर गरजला, आणि पायांत चढवलेल्या बदकासारख्या रबरी पंजांत अडखळून वाळूत पालथा पडला.

"भाऊ, दर्या त्या बाजूला हाय," सदा कोळी गंभीरपणे म्हणाला.

फ्रान्सहून आणलेली हवेची टाकी पाठीला बांधून विश्वंभर आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रात बुडी मारणार होता, तीही चार दिवसांपूर्वी इथेच होडी उलटून बुडालेल्या चंदरला शोधायला. चंदरची बायको नीराबाई ओल्या वाळूत बसून होती.

खाली इतका गढूळ काळोख की विश्वंभराला स्वतःचा हात दिसेना. वीस मिनिटांनी तो मूठभर चिखल घेऊन वर आला.

"नीराबाई, चंदर नाही सापडला," तो मान खाली घालून म्हणाला.

नीराबाईने पदर सावरला.

"परत खाली जाल तवा येवढं करा, भाऊ. धन्याला सांभाळ म्हनून लग्नात माज्या उजव्या हातच्या बांगड्या दर्याला दिल्या व्हत्या. तेवढ्या परत मागून आना."