आठवणींचा घाऊक भरणा

मृणालला शुद्ध आली तेव्हा सुहासने तिची चादर सारखी करायला हात पुढे केला. तिने झटकन दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"मारू नका," ती म्हणाली. "अहो, मी कुणाला काही बोलले नाही."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मृणालने नवऱ्याला कधी अहो म्हटलं नव्हतं, आणि सुहासने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता.

तो तडक दवाखान्यातल्या तन्वीकडे गेला. तापात पुसल्या गेलेल्या आठवणी जतन केलेल्या प्रतीवरून पुन्हा मेंदूत भरायचं काम तिचं. पूर्वी त्याला आठवडा लागायचा, आता एका दुपारीत उरकायचं.

"भरताना आम्ही तपासणी बंद ठेवतो," तन्वी म्हणाली. "कुठली आठवण कुणाची हे पडताळत बसलं तर फार वेळ जातो. भरून झालं की तपासणी परत चालू करतो."

"मग आता चूक सापडेल ना?"

"तपासणी नव्या आठवणींची होते. आधी भरलेल्या ती खऱ्याच धरते." तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "आज दोघींचा भरणा एकत्र केला होता."

"दुसरी कोण?"

तन्वीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. पायरीशी एक बाई गाडीत बसायला निघाली होती. तिच्या दंडावर जुने काळेनिळे वळ होते. तिच्या नवऱ्याने दार उघडून धरलं होतं. मृणाल सुहासकडे बघून हसायची, तशीच ती त्याच्याकडे बघून हसली आणि आत बसली.

नवऱ्याने दार लावून घेतलं.