पेटीतल्या शेंगा

काचेवर वाफ धरली तशी रुख्मिणी खुदकन हसली आणि पाठोपाठ घाबरली. आता सासूला काय सांगायचं?

तिला कावळा शिवलेला. तीन दिवस अंगणात कडुनिंबाखाली बसायचं, चुलीकडे फिरकायचं नाही. कस्तुराबाई पहाटेच कापूस वेचायला गेलेली. ती दुपार कलल्यावर येणार आणि मग थंडगार चूल फुंकत बसणार. म्हातारीचे हे हाल सुनेला बघवत नव्हते.

अंगणात नवऱ्याची पेटी होती. भगवंतरावाने पत्र्याच्या जुन्या पेटीला आतून काजळी फासून वर तसबिरीची काच बसवली होती. "उनानं शिजते," म्हणाला, आणि साऱ्या किन्हीराजा गावाची करमणूक झाली. तेव्हापासून तिच्यावर कोंबड्या बसत. रुख्मिणीने आज कोंबड्या हाकलल्या आणि तुरीच्या हिरव्या शेंगा, मिठाचा खडा नि पाणी आपल्या वेगळ्या पातेल्यात, गंजात घालून तो पेटीत ठेवला.

कस्तुराबाई आली ती वास घेतच.

"चुलीले शिवली का वं?"

"नाही जी आत्याबाई. चुलीकडं पाह्यलंबी नाही."

"मंग शिजवलं कोनं?"

रुख्मिणीने बोट वर केलं.

म्हातारीने वर पाहिलं. रोज सकाळी ती ज्याला तांब्याभर पाणी देई, तोच तिथे तळपत होता. एक कावळा सुनेला शिवला होता. बाकीचे म्हातारीच्या पोटात ओरडत होते.

"सूर्यनारायनाले कोनाचा इटाळ?" ती पुटपुटली आणि तिने पदर पसरला. "टाक वरून."

अंगणाच्या दोन टोकांना दोघी शेंगा सोलत बसल्या. "मीठ कमी हाय," म्हणत म्हातारीने पुन्हा पदर पसरला. "बाकीच्या भगवंताच्या पेटीत राहू दे. गरम राह्यतीन."

तेवढ्यात कडुनिंबाची सावली पेटीवर चढली.

"अवं, सरकव!" म्हणत कस्तुराबाई धावली. एका बाजूने तिने हात लावले, दुसऱ्या बाजूने रुख्मिणीने. पेटी उन्हात आली. मग म्हातारीने खाली पाहिलं. तिच्या बोटांवर सुनेची बोटं होती.

रुख्मिणीने झटकन हात मागे घेतला.

"शिवली ना मी तुले," कस्तुराबाई म्हणाली. "आता आंग धुवा लागते मले."

तिने कपाळावर हात आडवा धरून ऊन किती उरलंय ते पाहिलं.

"ठेव मंग त्या पेटीतच एक गंज पानी."