शेंगेचा चोथा

मावशीकडच्या केळवणात शाल्मलीनं शेवग्याची शेंग चावून चोथा ताटाच्या कडेला ठेवला, आणि शेजारी बसलेल्या निषादनं, तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं, तो अलगद उचलून रुमालात ठेवला. रुमालात तिनं परवा चोखून टाकलेली आंब्याची कोय होती, बुरशी धरलेली.

तिनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

तिच्या मोबाइलवरच्या खेळातला विदूषक नेमकं हेच करायचा. नायिकेचे गळलेले केस, उष्टे पेले जपायचा आणि हसता हसता एकाच डोळ्यानं रडायचा. शाल्मली त्याच्यावर पार भाळली होती. पण त्या केसांना वास नव्हता, पेल्यांना थुंकी नव्हती.

"काय केलंस तू?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

निषादनं कानामागचा ताजा टाका दाखवला. "तुला तो खेळातला विदूषक आवडतो ना, म्हणून त्याचा स्वभाव बसवून घेतला. हल्ली दवाखान्यात तासाभरात होतं."

"शी! आधी काढून ये ते."

"सकाळी माझीच मला किळस आली, म्हणून गेलो होतो काढायला." त्याचे ओठ हसत होते आणि फक्त डावा डोळा वाहत होता. "पण आतल्या विदूषकानं मला दवाखान्याच्या पायरीवरून परत आणलं. तुझ्याशिवाय राहणार नाही म्हणतो."

तेवढ्यात मावशी वाढत आली. त्याचा ओला डोळा बघून ती विरघळलीच. "किती हळवे आहेत गं आमचे जावई!" म्हणत तिनं शाल्मलीच्या ताटात आणखी दोन शेंगा वाढल्या.

निषादनं रुमाल पुन्हा उलगडला.