बंबवाल्याच्या पोटाचा घेर

"पोट आत ओढू नका," ती गुरगुरली. "फसवताय कोणाला? सोमवारी माप घेणारा डॉक्टर काय तुमचा मेहुणा आहे?"

तो उघड्या अंगाने, हात सोडून उभा होता. अग्निशमन दलात उभी हयात काढलेला माणूस. गोदामाच्या आगीत पाय मोडला, कित्येक महिने अंथरुणाला खिळला आणि पोट सुटलं. तेव्हापासून त्याला कंट्रोल रूममध्ये फोन उचलायला बसवलं होतं. दलाच्या डॉक्टरने बजावलं होतं की सोमवारी घेर मर्यादेत आला तर पुन्हा बंबावर, नाहीतर कायमचं फोनपाशी. आणि बंबावरून उतरलेला नवरा तिला बघवत नव्हता.

माप कसं घ्यायचं ते तिने व्यायामशाळेतल्या बाईकडून घोकून घेतलं होतं. सकाळी, रिकाम्या पोटी. फीत कपड्यावर नाही, अंगावर. बेंबीच्या रेषेत, पुढून मागून सारख्या उंचीवर. आवळायची नाही, लोंबू द्यायची नाही. श्वास सहज सोडला की आकडा वाचायचा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा.

तिने पुन्हा वाचला. आकडा ढिम्म हलला नव्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला सोबत म्हणून तीही उकडलेल्या भाज्या गिळत होती. तिचे कपडे अंगावर लोंबायला लागले, आणि हा जसाच्या तसा! बाहेर काय काय हादडता, म्हणून तिने त्याला फैलावर घेतलं. काही नाही, म्हणाला. तिने त्याचे खिसे उलटे केले, डबा हुंगून पाहिला. त्याच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, वहिनी, हा आमच्या बिस्किटालासुद्धा शिवत नाही. चोर चोर मावसभाऊ, म्हणत तिने फोन आपटला.

मग व्यायामशाळेतल्या बाईची पाळी आली. पैसे घेता आणि उपाय फुकटचे सांगता, असं ती तिला भर वर्गात बोलली. बाई शांतपणे म्हणाली, पुरुष हमखास पोट आत ओढतात, तेवढ्यावर नजर ठेवा. अहो, तीच तर ठेवतेय, ती ओरडली.

पँट सारखी घसरते अशी त्याची कुरकुर चालली होती. कापडच सैल पडलंय, म्हणायचा. नवी मिळणार नाही, तिने ठणकावलं. आधी पोट उतरवा, मग मिरवा.

सोमवारी सकाळी तो बेसिनपाशी दाढी करत होता. तोंडाला फेस, डोळे आरशात. ती फीत घेऊन तणतणत आली. शेवटचं एकदा बघते, मग तुम्ही आणि तुमचं नशीब, असं मनाशी म्हणत तिने न सांगताच मागून फीत टाकली आणि बेंबीपाशी जुळवली.

आकडा मर्यादेच्या कितीतरी आत होता.

"अहो!" तिचा आवाज चिरकला. "उतरलंय की! बसलात तुम्ही बंबावर!"

तो दचकला. आणि तिच्या बोटांखालची फीत सरकायला लागली. पोट हळूहळू पुढे आलं, फुगलं आणि रोजच्या आकड्यावर येऊन थांबलं.

त्याने रेझर खाली ठेवला.

"डॉक्टरला सांगू नकोस," तो आरशातूनच म्हणाला. "मला परत आगीत जायचं नाही."