काच खाली कर

मढच्या कोळीवाड्यात दलालाने दाखवायला आणलेली सेकंडहँड एसयूव्ही झकास होती आणि कृणालच्या चौदा वर्षं पळालेल्या गाडीची पार वाट लागली होती. "घेऊन टाक ना आता," बायको म्हणाली. कृणालनेही मान हलवली. जुनी बदल्यात घ्यायची म्हणून दलाल तिच्यात बसला आणि नाक मुरडून म्हणाला, "शेठ, मासळीचा वास येतोय!" येणारच ना! कृणालची आय बारा वर्षं रोज ह्याच गाडीतून माशांच्या पाट्या घेऊन मालाडच्या बाजारात जायची. तो लिंबं ठेवायचा, कापूर टांगायचा आणि शेवटी वैतागून ओरडायचा, "आय, काच खाली कर, वास जाऊ दे!" आय हसत काच खाली करायची. तिला जाऊन वर्ष झालं, लुगडीसुद्धा वाटून झाली. दलालाने बटण दाबून काच खाली केली, तसा कृणाल ओरडला, "काच वर कर, वास जाईल!"